एकीकडे पायथन, पलीकडे जावा: प्रोग्रॅमांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे प्रश्न येतातच. बहुतेकांची सुरुवात "कुठला फॉरमॅट वापरू?" इथून होते. फॉरमॅट निवडायला एक दुपार पुरते. पुढची दोन वर्षं जातात ती "तुमच्याकडे रिकामं म्हणजे काय?", "ही तारीख कुठल्या घड्याळाची?" असल्या गोष्टी निस्तरण्यात. म्हणून खालची उत्तरं फॉरमॅटबद्दल कमी आणि या निस्तरण्याबद्दल जास्त आहेत.

एक प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिलेला, दुसरा जावात, पण दोन्ही एकाच मशीनवर चालतात. मग एकातला ऑब्जेक्ट उचलून दुसऱ्याला तसाच का देता येत नाही?

कारण मेमरीतला ऑब्जेक्ट म्हणजे त्या भाषेची घरगुती मांडामांड असते. पायथनमधला साधा ५ सुद्धा नुसता आकडा नसतो. तो कुठल्या प्रकारचा आहे आणि सध्या त्याला किती जण धरून बसलेत, याची नोंद त्याला चिकटलेली असते. जावाची मांडणी वेगळी, गो या भाषेची आणखी वेगळी. शिवाय ऑब्जेक्टच्या आत मेमरीतले पत्ते असतात आणि ते त्या प्रोसेसपुरतेच, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमपुरतेच, खरे. शेजारच्या सोसायटीत जाऊन "तिसरा मजला, डावीकडचं दार" सांगितलं तर दार मिळेल, पण उघडणारा माणूस भलताच असेल.

सी भाषेतही हे तितकं सरळ नाही. एक बाइटचं अक्षर आणि चार बाइटचा पूर्णांक असं स्ट्रक्चर केलं तर बेरीज पाच होते, पण कंपायलर मध्ये तीन बाइट मोकळे सोडून सहसा आठ करतो. त्यात बाइटचा क्रम. काही प्रोसेसर आकड्याचा लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा. एकाने चार बाइटमध्ये लिहिलेला १ दुसऱ्याने उलट्या क्रमाने वाचला तर १६७७७२१६ होतो.

म्हणून माहिती आधी दोघांना मान्य असलेल्या बाइटच्या ओळीत उतरवायची आणि पलीकडे पुन्हा उभी करायची. याला सिरियलायझेशन म्हणतात आणि हा उद्योग जुना आहे. एएसएन.१ हे मानक १९८४ पासूनचं. काही ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं त्यामागचं सर्टिफिकेट आजही त्याच पद्धतीने लिहिलेलं असतं.

बरं, मग कुठला फॉरमॅट घेऊ?

काही विशेष कारण नसेल तर जेसॉन, म्हणजे माहिती नाव आणि किंमत अशा जोड्यांनी साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत. तो उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. पण दगडापेक्षा वीट मऊ. प्रत्येक भाषेत त्याची लायब्ररी (वापरायला तयार कोड) आहे, रात्री दोन वाजता काही बिघडलं तर फाइल उघडून डोळ्यांनी वाचता येते आणि समोरच्या टीमला काही शिकवावं लागत नाही. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत त्याला नाव आणि रूप दिलं. आज लागू असलेलं मानक आरएफसी ८२५९, २०१७ चं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). संपूर्ण व्याकरण एका पानात मावतं. त्याचं यश त्या एका पानात आहे, आणि खालची निम्मी दुखणीही तिथूनच येतात, कारण त्या पानाने बरंच काही सांगायचं सोडून दिलं आहे.

जेसॉनमध्ये नंबर म्हणजे नंबर. त्यात कसला गोंधळ?

व्याकरण नंबर कसा लिहायचा एवढंच सांगतं. तो किती मोठा असू शकतो, दशांश किती अचूक धरायचा, याबद्दल कुठलीही सक्ती करत नाही. ते वाचणाऱ्या भाषेवर सोडलंय. पायथनचा पूर्णांक वाटेल तेवढा मोठा होतो. जावाचा लाँग ६४ बिटांचा. जावास्क्रिप्ट मात्र जेसॉनमधला प्रत्येक नंबर ६४ बिटांच्या दशांश रूपात ठेवते आणि त्यात सलग पूर्णांक २ च्या ५३ व्या घातापर्यंतच बिनचूक बसतात.

म्हणजे काय होतं? जावा सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ हा आयडी पाठवला की ब्राउझरमध्ये तो ९००७१९९२५४७४०९९२ होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. एका ग्राहकाच्या नावावर दुसऱ्याची ऑर्डर दिसली की मग शोधाशोध. ट्विटरने २०१० मध्ये पोस्टचे आयडी ६४ बिटांचे केले तेव्हा नेमक्या याच कारणासाठी प्रत्येक आयडीच्या शेजारी तोच आयडी स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) म्हणून देणारं दुसरं फील्ड जोडलं. आता तर प्रोटोबफ या गूगलच्या फॉरमॅटचा संदेश जेसॉनमध्ये उतरवला की ६४ बिटांचे पूर्णांक आपोआप अवतरणचिन्हांत जातात, तसा नियमच आहे.

पैशांचं दुखणं वेगळं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज बहुतेक भाषांत ०.३०००००००००००००००४ येते. एक पैसा इकडे-तिकडे झाल्याने कुणी मरत नाही, पण दोन सिस्टिमच्या बेरजा जुळल्या नाहीत की हिशेबनीस तुम्हाला सोडत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून पाठवा, नाहीतर स्ट्रिंग म्हणून. दोन्ही चालतं, फक्त आधी ठरवा. अर्धी टीम रुपये समजतेय आणि अर्धी पैसे, हा प्रसंग मी पाहिलाय. बिलं शंभरपट गेली होती.

आणखी एक खोडी. "आकडा नाही" आणि "अनंत" या दोन खास किमती जेसॉनमध्ये नाहीतच. पायथनची नेहमीची लायब्ररी मात्र त्या बिनदिक्कत लिहून मोकळी होते, आणि पलीकडचा कडक पार्सर (फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड) सगळी फाइल नाकारतो. लिहितानाच अडवायचा पर्याय त्या लायब्ररीत आहे. तो चालू करा.

खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक, पिनकोड हे आकडेच ना? मग नंबर प्रकार का नको?

त्यांची बेरीज करणार आहात का? नाही ना? मग ती स्ट्रिंग.

सुरुवातीची शून्यं असलेला खाते क्रमांक नंबर म्हणून गेला की शून्यं गळतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडली तर आणखी पंचाईत, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता ठेवतं. सोळावा अंक शून्य होतो. कुणी "जरा बघतो" म्हणून फाइल उघडली आणि सेव्ह केली, की झालं.

सीएसव्हीचं मूळ दुखणं हे की त्यात प्रकार नावाची गोष्टच नसते. २००५ च्या आरएफसी ४१८० ने स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं कुठे द्यायची ते लिहून ठेवलं, पण कुठला रकाना कसला आहे ते वाचणारा ओळखतो, म्हणजे अंदाज करतो. जमिनीच्या नोंदींवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३, हे १२/३ असं लिहिलं की एक्सेलला त्यात तारीख दिसते. खुद्द "७/१२" टाकून बघा. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी हाच छळ सोसला. "मार्च१" आणि "सप्ट१" असं लघुरूप असलेली जनुकं एक्सेल तारखांत बदलायचं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलने असं बदलणं बंद करायचा पर्याय दिला तो २०२३ मध्ये.

पायथनने लिहिलेल्या जेसॉन फाइलीत मराठीच्या जागी उलटी तिरपी रेघ, यू आणि आकडे दिसतात. मजकूर बिघडला का?

नाही. प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहिलंय (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक), कुठलाही पार्सर ते बरोबर वाचेल. फक्त जागा दुप्पट लागते: यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (युनिकोड क्रमांक बाइटमध्ये उतरवण्याच्या पद्धतीत) देवनागरी अक्षराला तीन बाइट, या लिखाणात सहा. पायथनचं हे मूळ वळण आहे, एका पर्यायाने बंद होतं.

आणि टोपीवाला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसतो, तेव्हा?

तेव्हा यूटीएफ-८ मजकूर कुणीतरी विंडोजच्या जुन्या पाश्चात्य एन्कोडिंगमध्ये वाचलाय. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला तो ए दर तिसऱ्या जागी हजर. घाबरू नका, बाइट शाबूत आहेत, योग्य एन्कोडिंगने पुन्हा वाचा. एक्सेलला सीएसव्ही द्यायची असेल तर फाइलीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची तीन बाइटची खूण ठेवा, म्हणजे ते नीट उघडतं. मात्र तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली तर पहिल्या रकान्याच्या नावाला ती अदृश्य खूण चिकटते आणि "नाव" नावाचा रकानाच सापडत नाही.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र मजकूर गेला. कुठल्यातरी टप्प्यावर ते अक्षर मांडताच आलं नाही म्हणून प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं आणि आता मागे काही उरलेलं नाही. मूळ फाइल शोधा. नुसते चौकोन दिसत असतील तर दोष फक्त फॉन्टचा.

जुन्या फाइलींचं चौथं प्रकरण म्हणजे श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधला मजकूर. तिथे साठवलेली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. असा मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्याआधी त्या-त्या फॉन्टच्या तक्त्याने युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

दोन्हीकडे "कऱ्हाड" लिहिलंय, डोळ्यांना सारखंच दिसतं, तरी जुळत नाही. का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये तो कधी भेटत नाही.

कऱ्हाड, दुसऱ्या, तऱ्हा यांतला तो पापणीसारखा र युनिकोडमध्ये तीन वाटांनी लिहिता येतो. एक, ऱ हे तयार अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक नावाचं अदृश्य चिन्ह. कुठला कीबोर्ड काय टाइप करतो त्यावर ते ठरतं. पहिल्या वाटेने "कऱ्हाड" सहा युनिकोड चिन्हांचं होतं, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. उरलेल्या दोन वाटांनी सात चिन्हं, २१ बाइट.

पहिल्या दोन वाटा युनिकोडच्या नियमानुसार समान आहेत. एनएफसी हे नॉर्मलायझेशन (समान रूपं एकाच ठरलेल्या रूपात आणणं) दोन्हीकडे चालवलं की त्या एक होतात. तिसरी होत नाही. युनिकोडच्या लेखी ती वेगळी अक्षरमाला आहे, त्यामुळे एनएफसी तिला हातही लावत नाही. तिच्यासाठी बदलीचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो: र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की ऱ आणि हलन्त करा. हे काम माहिती आत येते त्या दारावर, एकदाच करा. प्रत्येक प्रोग्रॅमने आपापल्या परीने केलं तर पुन्हा तेच.

लांबीचंही असंच आहे. "नमस्कार"ची लांबी विचारा: पायथन आणि जावास्क्रिप्ट ७ सांगतात, गो आणि रस्ट २१ (ते बाइट मोजतात), आणि स्विफ्ट डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजत असल्याने युनिकोडच्या आवृत्तीनुसार ४ किंवा ५. सगळे बरोबर आहेत. म्हणून दोन टीमच्या करारात "नाव, कमाल लांबी २०" एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. वीस काय? ओरॅकल या डेटाबेसमध्ये अक्षरांच्या रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. तिथे वीसमध्ये सहाच देवनागरी चिन्हं बसतात. "कऱ्हाड" कसंबसं मावेल, कोल्हापूर बाहेर.

वापरणाऱ्याने रक्कम "४२" अशी देवनागरीत भरली तर?

कुठली भाषा वाचतेय त्यावर आहे. पायथन आणि जावा तिला पूर्णांकात बदलून ४२ देतात, कुरकुर न करता. जावास्क्रिप्ट "हा आकडा नाही" म्हणते. गो आणि रस्ट एरर देतात. म्हणजे ब्राउझरने नाकारलेला फॉर्म सर्व्हरने स्वीकारला असता, किंवा एका सर्व्हिसमधून सुखरूप गेलेलं मूल्य पुढच्या सर्व्हिसमध्ये आपटतं. आणि जेसॉनमध्ये नंबर म्हणून देवनागरी आकडे चालतच नाहीत, फक्त अवतरणचिन्हांत. तेव्हा आत येतानाच आंतरराष्ट्रीय आकड्यांत बदला, आणि दाखवताना हवं तर पुन्हा देवनागरी करा.

तारखा कशा पाठवायच्या?

वर्ष-महिना-दिवस या क्रमात, वेळ असेल तर टाइम झोनसकट, आरएफसी ३३३९ च्या पद्धतीने. ०३/०४ असं कधीच नाही, कारण अमेरिकेतल्या सहकाऱ्यासाठी तो ४ मार्च असतो.

आपल्याकडची खास ठेच ही. १ एप्रिलची मध्यरात्र, भारतीय वेळ. जागतिक वेळेत ती ३१ मार्चची संध्याकाळ, १८:३०. जावास्क्रिप्टने तारीख जागतिक वेळेत बदलून पाठवली आणि पलीकडच्या प्रोग्रॅमने वेळेचा तुकडा कापून नुसती तारीख ठेवली, तर पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. एरवी एक दिवसाची चूक कुणाच्या लक्षात येत नाही, एप्रिलमध्ये येते. म्हणून नियम: जन्मतारीख, पावतीची तारीख यांसारख्या "दिवस" असलेल्या गोष्टी नुसत्या तारखा म्हणून पाठवा, त्यांना मध्यरात्र चिकटवू नका. "क्षण" असलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ पेमेंट झालं तो क्षण, टाइम झोनसकट.

कुणी १९७० पासूनचे सेकंद पाठवत असेल तर ते सेकंदच आहेत ना, हे विचारा. पायथन सेकंद देतं, जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. सगळ्या ऑर्डर जानेवारी १९७० च्या तिसऱ्या आठवड्यातल्या दिसायला लागल्या तर काय झालंय ते आता तुम्हाला कळेल.

नल ("किंमत नाही" असं सांगणारी खूण), रिकामी स्ट्रिंग आणि फील्डच नसणं, यात खरंच फरक असतो?

असतो, आणि तो तुम्हीच ठरवायचा असतो. ग्राहकाने ईमेल दिलाच नाही, ग्राहकाने ईमेल काढून टाका म्हटलं, किंवा या संदेशात ईमेलबद्दल काही बोलायचंच नाही: तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइंड (किंमतच न ठरवलेलं) असलेलं फील्ड जेसॉन लिहिताना गुपचूप गळतं. गोमध्ये नसलेला आकडा वाचला तर ० होतो आणि मग शून्य सवलत आणि सवलत न सांगणं यांत फरक उरत नाही. प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीनेही साध्या फील्डांसाठी हा भेद आधी काढून टाकला आणि लोकांनी ओरड केल्यावर २०२१ मध्ये "ऑप्शनल" हा शब्द परत आणला.

एकाच जेसॉनमध्ये एकच "की", म्हणजे फील्डचं नाव, दोनदा आली तर?

मानक म्हणतं असं करू नये, पण झालंच तर काय करावं हे सांगत नाही. काही पार्सर पहिली किंमत घेतात, बरेचसे शेवटची, काही नाकारतात.

याने काय होऊ शकतं ते २०१७ मध्ये काउचडीबी या डेटाबेसमध्ये दिसलं. त्याचा एक भाग अर्लँग भाषेत, आणि आलेल्या नोंदी तपासणारा भाग जावास्क्रिप्टमध्ये. एखाद्याने आपली माहिती पाठवताना अधिकारांची की दोनदा लिहिली: पहिल्यांदा "ॲडमिन", दुसऱ्यांदा रिकामी. जावास्क्रिप्टच्या तपासनिसाने शेवटची बघितली, म्हणाला, काही अधिकार मागत नाही, जाऊ दे. अर्लँगने पहिली वाचली. झाला ॲडमिन. दोन्ही पार्सर आपापल्या जागी बरोबर होते. चूक दोघांच्या मधल्या फटीत होती आणि त्या फटीवर कुणाचंच नाव नव्हतं.

स्कीमा, म्हणजे कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं याचं लेखी वर्णन, कशाला लिहायचा? जेसॉन तर असाच चालतो.

एक टीम, दोन प्रोग्रॅम, शेजारी-शेजारी बसणारे लोक असतील तर चालतो. तिसरी टीम आली की एक फील्ड "पत्ता" आहे की "पूर्ण पत्ता" हे जुन्या ईमेलमध्ये शोधावं लागतं.

प्रोटोबफमध्ये तुम्ही संदेशाचं वर्णन एका फाइलीत लिहिता आणि कंपायलर त्यावरून जावा, पायथन, गो, सी++ सगळ्यांसाठी कोड काढून देतो. गूगलने आतल्या वापरासाठी बनवलेली ही पद्धत २००८ मध्ये सर्वांना खुली केली. फेसबुकची थ्रिफ्ट तिच्या वर्षभर आधी आली होती, हडूप या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या प्रणालीच्या वर्तुळातून ॲव्ह्रो २००९ मध्ये आलं.

यातली खरी हुशारी फील्डच्या क्रमांकात आहे. तारेवरून "ग्राहक क्रमांक" असं नाव जात नाही, फक्त "फील्ड १" जातं. त्यामुळे नाव उद्या बदललं तरी जुने प्रोग्रॅम अडत नाहीत. नवीन फील्ड आलं तर जुना प्रोग्रॅम ते ओळखत नाही, बाजूला ठेवतो आणि पुढे जातो. याचीच दुसरी बाजू: काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक पुन्हा कधीही वापरायचा नाही. फाइलीत तो "राखीव" म्हणून लिहून ठेवा. कुणीतरी सहा महिन्यांनी रिकामा दिसतो म्हणून ७ हा क्रमांक उचलतो, आणि जुन्या फोनवरचं ॲप नव्या सवलतीची रक्कम जुन्या वयाच्या जागी वाचतं. पार्स होतं, म्हणून कुणाला कळत नाही.

प्रोटोबफसारखे बायनरी (डोळ्यांनी न वाचता येणारे) फॉरमॅट खरंच लहान असतात का?

फील्ड १ मध्ये १५० ही किंमत प्रोटोबफमध्ये तीन बाइट घेते. जेसॉनमध्ये एका अक्षराची की घेतली तरी नऊ. पण मजकूर जास्त असेल तर फरक कमी होतो, कारण मराठी वाक्य दोन्हीकडे तेवढेच बाइट खातं. वर जेसॉन झिप केला तर आणखी कमी. जागेसाठी नव्हे, स्कीमासाठी बायनरीकडे जा, असं माझं मत.

पायथनमधलं कोट्यवधी ओळींचं टेबल आर या संख्याशास्त्राच्या भाषेत न्यायचंय. सीएसव्हीला अर्धा तास लागतो.

ॲपॅची ॲरो बघा. पांडाज ही पायथनची टेबलांची लायब्ररी बनवणारे वेस मॅकिनी आणि आरच्या जगातले हॅडली विकॅम यांनी २०१६ साली फेदर नावाचा फाइल फॉरमॅट काढला, तो याच कामासाठी, याच दोन भाषांमध्ये. त्याचा पाया ॲरो. कल्पना अशी की टेबल मेमरीत कसं मांडायचं हेच सर्व भाषांनी एकदा ठरवून टाकायचं, रकान्यागणिक सलग. मग पहिल्या प्रश्नात म्हटलेलं "तसंच उचलून देणं" खरोखर जमतं. एकाच प्रोसेसमध्ये असाल तर नक्कलसुद्धा करावी लागत नाही.

नुसता वेग हा त्याचा फायदा नाही. आरमध्ये पूर्णांक ३२ बिटांचा आणि "माहिती नाही" हे त्यातल्या सर्वात लहान आकड्याने, −२१४७४८३६४८ ने, दाखवतात. पांडाजच्या जुन्या पद्धतीत पूर्णांकांच्या रकान्यात एकही जागा रिकामी असली की सगळा रकाना दशांश होतो. पिनकोड ४११००४.० असा छापलेला पत्ता तुम्ही पाहिला असेल, तो इथून आला. ॲरो प्रत्येक किमतीसाठी वेगळा एक बिट ठेवतं: आहे की नाही. आकड्याला आकडा राहू दिला जातो. डिस्कवर दीर्घकाळ ठेवायचं असेल तर पार्के हा फाइल फॉरमॅट वापरा.

एक्सएमएल (टॅग लावून माहिती लिहिण्याची जुनी पद्धत) मेलं ना?

यूपीआयचे संदेश एक्सएमएलमध्ये जातात. तुम्ही सकाळी चहाचे पैसे दिलेत तेव्हा ते वापरलंत. वर्डची फाइल उघडली तर आत तेच. दुसरीकडे आयकर खात्याने २०२१-२२ च्या मूल्यांकन वर्षापासून रिटर्नसाठी एक्सएमएल सोडून जेसॉन घेतलं. नवीन कामाला मी घेणार नाही, पण समोरच्याचं असेल तर हसायचं कारण नाही. स्कीमाच्या बाबतीत ते जेसॉनपेक्षा कायम पुढेच होतं.

आणि यॅमल हा मजकुराचा फॉरमॅट?

माणसाने लिहायच्या सेटिंगसाठी ठीक. दोन प्रोग्रॅममध्ये नको. त्याच्या १.१ आवृत्तीत नॉर्वेचा देश-कोड एनओ हा इंग्रजी "नो", म्हणजे "नाही", असा वाचला जातो आणि २२:३० ही वेळ १३५० होते. १.२ ने २००९ मध्ये हे सुधारलं, बऱ्याच लायब्ऱ्या अजून १.१ वरच आहेत.

पायथनचं पिकल, म्हणजे त्याची स्वतःची सिरियलायझेशनची पद्धत, सोपं आहे, ते का नको?

ते दुसऱ्या भाषांसाठी बनलेलंच नाही हे एक. दुसरं जास्त गंभीर: अनोळखी पिकल उघडणं म्हणजे पाठवणाऱ्याला तुमच्या मशीनवर कोड चालवू देणं. जावाच्या अंगभूत सिरियलायझेशनचीही तीच कथा.

फाइलच द्यायची असेल तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस चालेल?

छान चालेल, आणि लोक याचा विचारच करत नाहीत. एकच फाइल, प्रकार आहेत, इंडेक्स आहेत, जवळजवळ प्रत्येक भाषा वाचते. आवृत्ती ३ चा फाइल फॉरमॅट २००४ पासून टिकून आहे. फक्त प्रकारांबाबत ते ढिलं आहे. पूर्णांकाच्या रकान्यात मजकूर टाकलात तर मुकाट्याने ठेवून घेतं.

स्कीमा आहे, प्रकार बरोबर, टेस्ट पास. अजून काय चुकू शकतं?

एकक. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी नाहीसं झालं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पौंड-फोर्स सेकंदात लिहिले, पुढच्याने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले. साडेचार पटीच्या आसपासचा फरक. फाइल बिनचूक पार्स होत होती. आकडा आकडाच होता.

यावर उपाय फारच घरगुती आहे: फील्डच्या नावातच एकक लिहा. "वजन" नको, "वजन_ग्रॅम". "रक्कम" नको, "रक्कम_पैसे". लांबलचक दिसतं, दिसू दे.

जोडणी चालते की नाही हे तपासायचं कसं?

दोन्ही टीमनी मिळून एक फाइल बनवा आणि दोघांच्या रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागेत) ठेवा. आम्ही तिला "वाईट रेकॉर्ड" म्हणतो. त्यात असतं: २ च्या ५३ व्या घाताहून एकने मोठा आयडी. सुरुवातीला शून्यं असलेला खाते क्रमांक. तिन्ही वाटांनी लिहिलेलं कऱ्हाड. आत स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह असलेला पत्ता. एक इमोजी, कारण देवनागरी तीन बाइटमध्ये मावते पण इमोजीला चार लागतात आणि मायएसक्यूएल डेटाबेसचं जुनं "यूटीएफ८" तिथे अडतं. १ एप्रिलची मध्यरात्र. एक नल, एक रिकामी स्ट्रिंग आणि एक फील्ड जे मुळातच नाही. ९९ पैशांची रक्कम.

ही फाइल पायथनने वाचायची, पुन्हा लिहायची, जावाने वाचायची, पुन्हा लिहायची, ब्राउझरमधून फिरवून परत आणायची आणि शेवटी प्रत्येक फील्डची किंमत पहिल्याशी ताडून बघायची. बाइट ताडू नका, कीचा क्रम आणि मोकळ्या जागा बदलणारच. कऱ्हाडच्या तीन नोंदी मात्र शेवटी एकच झालेल्या असायला हव्यात. पहिल्यांदा चालवाल तेव्हा टेस्ट नापास होईल. आमची चार ठिकाणी झाली होती.